गंजिफा कार्यशाळेवरच्या दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय नीट वाचला. संग्रहालयातल्या रविवारच्या गंजिफा (खेळायचे, हाताने रंगवलेले गोल पत्ते) कार्यशाळेबद्दल तुमच्या तक्रारी चार: मुलाचं पान घरी पोचेपर्यंत वाटीसारखं वळलं, प्रत्येक गोष्ट मराठीत आणि मग पुन्हा इंग्रजीत ऐकून तो कंटाळला, दालनात रंग नेऊ दिले नाहीत, आणि दीड तासात एकच पान झालं. पहिल्या दोन्हींत चूक आमची आहे.

पान वळलं कारण रंगातलं पाणी पुठ्ठ्यात एकाच बाजूने मुरलं. ती बाजू आधी फुगते, वाळताना आकसते आणि कडा रंगाच्या बाजूला उचलल्या जातात. गंजिफाची पाठ एकाच रंगात रंगवलेली असते ती खेळताना पान पाठीवरून ओळखू येऊ नये म्हणून; पण त्यामुळे दोन्ही बाजूंची ओढही सारखी राहते. आमच्या आखणीत पाठ आधी रंगवून पंख्याखाली वाळवायची आणि मगच चित्राला हात घालायचा असं आहे. त्या दिवशी सुरुवात उशिरा झाली म्हणून पाठ गाळली. पावसाळी दमट हवेत नेमकी तीच पायरी गाळायला नको होती, किनारीची नक्षी गाळली असती तरी चाललं असतं. रंग सायीइतका दाट हवा आणि ब्रश वाटीच्या काठावर दोनदा पुसून घ्यायचा, हेही घाईत सांगायचं राहिलं.

पान टाकू नका. पाठीवर ओलसर, पण पाणी न टपकणारं फडकं फिरवा. खालीवर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकांच्या चळतीखाली रात्रभर दाबा. सकाळी पाठीवर लाल रंगाचा एक पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, पुन्हा दाबा. बटर पेपरऐवजी वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

आता भाषेचं. एकच वाक्य दोनदा सांगितलं की आपल्या भाषेत ते पुन्हा येणारच हे मुलांच्या लगेच लक्षात येतं आणि पहिल्या वेळी ती ऐकतच नाहीत. वेळ दुप्पट जातो, लक्ष निम्मं राहतं. म्हणून आम्ही दोघं लागतो. एकजण मराठीत बोलत चकती कापून, खळ लावून दाखवतो. दुसरी व्यक्ती त्याचं भाषांतर करत नाही, टेबलाटेबलावर फिरून इंग्रजीत पुढचा प्रश्न विचारते: मासा कुठल्या अवताराचा, शंख कुठल्या? उत्तर कुठल्याही भाषेत चालतं. त्या रविवारी एकटीवरच सगळं आलं, आणि एकटीवर आलं की भाषांतर होतंच. तुमच्या सासूबाई नुसत्या बसून राहिल्या असं तुम्ही लिहिलंत, ते आम्हाला जास्त लागलं. प्रत्येक टेबलावर मोठ्या अक्षरातला मराठी शब्दांचा कागद आजी-आजोबांसाठीच असतो. राजा, प्रधान, परशू, कासव हे शब्द त्यांनी वाचायचे आणि नातवाने चित्रात शोधायचे. तो कागद तुमच्या टेबलावर ठेवलाच गेला नव्हता. यापुढे दोघं नसतील तर कार्यशाळा होणार नाही, पैसे परत मिळतील.

दालनात फक्त पेन्सिल, हा नियम मात्र आम्ही बदलून मागणार नाही. जुन्या कागदावर किंवा कापडावर रंगाचा एक शिंतोडा उडाला तर तो कायमचा. वॉचमननी तुमच्या मुलाच्या हातातला ब्रश काढून घेतला ते बरोबरच केलं, जरा गोड शब्दांत करायला हवं होतं इतकंच.

एकच पान का? दशावतारी गंजिफाच्या जोडात 120 पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. आमच्या नव्वद मिनिटांतली 20 दालनात जातात, 15 दोन चकत्या कापून चिकटवण्यात, 20 पाठ रंगवून वाळण्यात. चित्राला उरतात 35. दुसरं पान हाती घेतलं की दोन्ही अर्धवट घरी जातात. लहान मुलांनी राजाचा हट्ट धरू नये हे मात्र आम्ही आधी सांगायला हवं होतं. मत्स्याची तिर्री घ्यावी: तीन मासे, आणि किनारीलाही वेळ उरतो.

पुढच्या कोणत्याही रविवारी आजींसकट या, पैसे लागणार नाहीत. वळलेलं पान आणा. तोवर सरळ झालं नसेल तर त्याची पाठ आधी रंगवू.