किल्ला तलावावर या एकदा

पक्षीनिरीक्षणावरचा एक लेख वाचला. पक्षी बघायला लांब अभयारण्यात जायलाच हवं, असा त्याचा सूर वाटला. घटप्रभेकाठी धुपदाळच्या अभयारण्यात थंडीत येणारे कांड्या करकोचे बघावेतच, प्रश्नच नाही. पण आम्हा बेळगावकरांना सकाळी चहाआधी किल्ला तलाव गाठता येतो, त्याचं काय!

मी निवृत्तीनंतर जायला लागलो. आधी सगळी बदकंच वाटायची. मग कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळाभोर वारकरी पक्षी ओळखता आला, आणि नाव कुणी ठेवलं असेल त्याला मनोमन दाद दिली. टिबुकली तर निव्वळ खोडकर. इथं बुडी मारते, आपण डोळे लावून बसावं तर दहा हातांवर भलतीकडेच वर येते. ढोकरी, म्हणजे छोटा बगळाच, मात्र माझी लाडकी. काठावर मातकट रंगात मातीच होऊन बसलेली असते, पाय पडेपर्यंत दिसत नाही. उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख! दर वेळी दचकतो.

फिरायला येणारे विचारतात, "काय बघालाय काका?" दुर्बीण हातात दिली की दोन फेऱ्या विसरतात. रविवारी मात्र जाऊ नका. गाड्यांचे हॉर्न आणि पाण्यात कुरकुऱ्यांची पाकिटं.