‘बरासी गद्दार होता’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले खेळाडू आणि कोच रॉन बरासी यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पैशासाठी क्लबला आणि गुरूला सोडून गेलेला हा गद्दार, कोच म्हणून नुसता आरडाओरडा, नॉर्थ मेलबर्न क्लबमध्ये आयते खेळाडू मिळाले, १९७७ नंतर काहीच जमलं नाही, आणि माझा लेख म्हणजे ‘मेलबर्नात बसून ओवाळलेली आरती’.

मतभेदाला माझी ना नाही. पण एकेरीवर यायची काय गरज होती? २०२३ च्या सप्टेंबरात ते गेले. १९७० मध्ये कॉलिंगवुड क्लबच्या तोंडचा घास त्यांनी काढून घेतला, तरी त्या क्लबचे कट्टर पाठीराखेसुद्धा माझ्याशी त्यांच्याबद्दल अदबीनेच बोलतात. तुम्हाला मात्र दोन ओळींत ‘हा’ आणि ‘गद्दार’ लिहून मोकळं व्हायचं होतं. आरतीचं म्हणाल, तर ज्याच्याबद्दल आदर वाटतो त्याच्यावर आदरानेच लिहिणार. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण तो मला फार लागला.

बरासी पाच वर्षांचे असताना, १९४१ मध्ये, त्यांचे वडील लिबियातल्या टोब्रुकला युद्धात मारले गेले. वडील मेलबर्न क्लबकडून खेळायचे, १९४० च्या विजेत्या संघात होते. त्याच संघातले त्यांचे सहकारी नॉर्म स्मिथ. पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि ती टास्मानियाला गेली, तेव्हा हा मुलगा स्मिथ दांपत्याच्या घरामागच्या खोलीत राहायला आला. स्मिथ क्लबचे कोच झाले. मुलाने वडिलांचाच ३१ नंबर अंगावर चढवला आणि १९५५ ते १९६४ या काळात क्लबला सहा विजेतेपदं मिळवून दिली. खाल्ल्या मिठाला जागणं आणखी कसं असतं?

१९६४ चा मोसम संपल्यावर ते कार्लटन क्लबचे कॅप्टन-कोच झाले. पैसे चांगले मिळाले, हे कुणी लपवलेलं नाही. पण वय होतं २८. मेलबर्नमध्ये स्मिथ होते, म्हणजे तिथे यांना कायम शिष्यच राहावं लागलं असतं. ज्याला स्वतः संघ घडवायचा आहे त्याने काय करावं? गुरूची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत बसावं? त्यांनी १९४७ नंतर एकदाही न जिंकलेला क्लब निवडला आणि १९६८ व १९७० मध्ये त्याला विजेता केलं.

आणि निष्ठेचाच हिशेब मांडायचा तर क्लबचाही मांडा. बरासी गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६५ च्या जुलैत, याच मेलबर्न क्लबने सहा विजेतेपदं देणाऱ्या नॉर्म स्मिथना घरी पत्र पाठवून काढून टाकलं. गदारोळ झाला म्हणून काही दिवसांत परत घेतलं, ते सोडा. त्या क्लबला पुढचं विजेतेपद थेट २०२१ मध्ये मिळालं. या पत्राबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. गद्दार फक्त खेळाडूच असतो का?

हा शब्द मी स्वतः झेललेला आहे. सांगलीकडे कबड्डी खेळायचो. नोकरी मिळेल म्हणून गावचं मंडळ सोडून दुसऱ्या संघाकडून उतरलो, तेव्हा आमच्याच पारावर माझं नाव ‘गद्दार’ पडलं. आमच्या सरांनी मात्र त्याच मंडळाविरुद्धच्या सामन्याआधी माझ्या दुखऱ्या गुडघ्याला स्वतःच्या हाताने पट्टी बांधून दिली आणि ‘डाव्या कोपऱ्यात सांभाळ’ एवढंच म्हणाले. त्यामुळे गुरूचा अपमान कशाने होतो, ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आरडाओरडा? करायचे, भरपूर करायचे. पण १९७० च्या ग्रँड फायनलला, म्हणजे कॉलिंगवुडविरुद्धच्या अंतिम सामन्यात, १,२१,६९६ लोकांसमोर, हाफटाइमला ४४ गुणांनी मागे असताना, नुसत्या ओरडण्याने सामना फिरत नाही. त्या खेळात झेल घेतला की थांबून निवांत किक मारता येते. बरासींनी सांगितलं, थांबू नका. चेंडू तळहातावर धरा, दुसऱ्या मुठीने ठोसा मारून साथीदाराकडे द्या आणि पळा. बाकावर बसलेल्या टेड हॉपकिन्सना त्यांनी उतरवलं, हॉपकिन्सनी चार गोल केले. कार्लटन १० गुणांनी जिंकलं. हा विचार आहे.

‘आयते खेळाडू’ हा तर विषयच नाही. दहा वर्षं खेळलेल्यांना तेव्हा क्लब बदलायची मुभा होती आणि त्यांना घ्यायची संधी सगळ्याच क्लबना होती. नॉर्थने १९७२ मध्ये एकच सामना जिंकला होता, १९७३ मध्ये बरासी आले आणि १९७५ मध्ये त्या क्लबला इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळालं.

१९७७ नंतरचं एक मान्य करतो: मेलबर्न क्लबकडे कोच म्हणून परतल्यावर १९८१ मध्ये २२ पैकी एकच सामना जिंकला आणि पाच मोसमांत एकदाही फायनल्स (मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या) गाठता आल्या नाहीत. हे खरं आहे. पण आयर्लंडमधून तरुण आणायचा त्यांचा हट्ट याच काळातला, आणि त्यातूनच आलेल्या जिम स्टाइन्सनी १९९१ चं ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलं. तुमच्या ‘काहीच’मध्ये हे बसत नाही.

सिडनी क्लबचे कोच असतानाच्या त्यांच्या पर्वावर वेगळं लिहिणार आहे. तिथे जरूर या, आकडे घेऊन या, मी उत्तर देईन. ‘गद्दार’ हा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया इथे प्रसिद्ध होणार नाही.