‘बजेटच्या मानाने बरा’ म्हणजे काय?

डोकं तापलंय माझं. शुक्रवारी धुळ्यात अहिराणी सिनेमा पाहिला. दिवसाला एकच शो, तोही दुपारी १२ चा, बाहेर ४२ अंश. तरी माणसं आली होती, नऊवारीतल्या म्हाताऱ्या आल्या होत्या. पडद्यावर बाया कानबाईला, आमच्या खान्देशातल्या देवीला, डोक्यावर घेऊन नदीवर निघतात, तेव्हा शेजारच्या मावशी पदर तोंडाला लावून रडत होत्या. घरी येऊन परीक्षण वाचलं: ‘बजेटच्या मानाने बरा प्रयत्न. गावरान भाषेमुळे विनोद खुलतो.’

कुठला विनोद? पोरगा सुरतला कामाला निघतो, उंबऱ्यात आईला म्हणतो, ‘माय, मी जाई ऱ्हायनू.’ यात हसण्यासारखं काय आहे? अहिराणी कानावर पडली की हसायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच येते) मराठीपासून वेगळी नोंदली आहे, बोलणारे १८ लाखांवर. इराणी सिनेमा सबटायटल वाचत जीव लावून पाहता ना? मग आमच्या वेळी कान कुठे जातात?

आणि हे ‘बजेटच्या मानाने’! तिकिटाचे पैसे मी पूर्ण मोजले. चुका दाखवा की! मध्यंतरानंतर सिनेमा रेंगाळतो, डबिंग ओठांशी जुळत नाही, रात्रीचे प्रसंग नुसते काळे. यावर एक ओळ नाही. आणि कपाशीच्या उभ्या पऱ्हाट्यांतून आई एकटी चालत येते, तो लांबच लांब शॉट? त्यावरही नाही. पाहिला तरी होता का?

आपल्याकडच्या छापणाऱ्यांचा तर जास्त राग येतो. निर्मात्याचं पत्रक जसंच्या तसं उचलायचं, वर ‘परीक्षण’ लिहायचं. ‘आपल्या मातीतला, सहकुटुंब पाहावा.’ झालं! अरे, त्या पोरांना कोण सांगणार कुठे चुकलं ते?

शेजारी मालेगावात नासिर शेख यांनी हाताशी असेल त्या सामानावर सिनेमे काढले. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, पुढे रीमा कागती यांनी चित्रपट केला, तेव्हा कौतुकाने रकाने भरले. खुद्द मालेगावच्या सिनेमांवर कितीजणांनी लिहिलं? आमच्यावर दुसऱ्याने केला की सिनेमा, आम्ही केला की ‘प्रयत्न’.

सोमवारी शो उतरवला. मंगळवारी आईला घेऊन जाणार होतो. कानबाईचा तो प्रसंग तिला आता कुठे दाखवू?