यादीतले लेख का काढतो

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप मला समजले ते असे: एम्बेडेड प्रोग्रॅमिंगच्या (म्हणजे उपकरणांतल्या छोट्या चिपसाठी कोड लिहिण्याच्या) लेखांच्या या यादीतून नवशिक्यांना आवडणारे सोपे लेख काढले जातात, त्यांच्या जागी डेटाशीट (चिपचं अधिकृत माहितीपत्रक) आणि एराटा (चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी) यांसारखे रुक्ष दस्तऐवज येतात, आणि यादी सगळ्यांची आहे, तर काय ठेवायचं हे मोजक्यांनी का ठरवावं?

सोपा आहे म्हणून एकही लेख काढलेला नाही. एटीमेगा३२८पी या चिपच्या २ केबी रॅममध्ये स्टॅक (फंक्शन्सना चालताना लागणारी तात्पुरती जागा) आणि ग्लोबल व्हेरिएबल्स शेजारी कसे राहतात, हे समजावणारा लेख अगदी प्राथमिक आहे आणि तो यादीत राहणारच. काढले ते कोणत्या चिपबद्दल बोलतोय हे न सांगणारे लेख. आमच्या क्षेत्रात ही उणीव फार महाग पडते, कारण चुकीचा कोडही बिनतक्रार कंपाइल होतो, बोर्डावर चढतो आणि टेबलावर चालतोसुद्धा.

फ्रीआरटीओएस या छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचंच बघा. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांवर इंटरप्टच्या (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणाऱ्या इशाऱ्याच्या) प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान, तितकं महत्त्व जास्त. रीसेटनंतर तो आकडा शून्य असतो, म्हणजे सर्वोच्च. फ्रीआरटीओएसमध्ये आपण एक मर्यादा ठरवतो. तिच्यापेक्षा वरच्या प्रायॉरिटीच्या इंटरप्टमधून फ्रीआरटीओएसची फंक्शन्स बोलवायची नाहीत, इंटरप्टसाठी खास बनवलेलीसुद्धा नाहीत. कित्येक लेख प्रायॉरिटी सेट करायची ओळच गाळतात. तो कोड बरेच दिवस नीट चालू शकतो आणि मग एखाद्या नको त्या क्षणी शेड्युलरच्या (कोणतं काम कधी चालवायचं हे ठरवणाऱ्या भागाच्या) आतल्या याद्या बिघडतात. असर्ट (चूक दिसताच कोड तिथेच थांबवणारी तपासणी) चालू ठेवला तर ही चूक लवकर पकडली जाते, पण तेही असे लेख सांगत नाहीत.

दुसरं उदाहरण आरपी२३५०चं, २०२४ साली आलेल्या चिपचं. आधीच्या आरपी२०४०वर बटण जोडताना आतला पुल-डाउन (बटण सोडल्यावर पिन शून्य व्होल्टकडे खेचणारा रेझिस्टर) वापरा, हा सल्ला बरोबर होता. आरपी२३५०च्या ए२ आवृत्तीत मात्र बटण सोडल्यावरही पिन २ व्होल्टच्या थोडी वर अडकून राहू शकते आणि 'हाय', म्हणजे बटण दाबलेलंच आहे अशी, वाचली जाते. एराटात हे ई९ या क्रमांकाने नोंदवलंय. उपाय म्हणजे बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावायचा. पुढे ए४ आवृत्तीत हा दोष दुरुस्त झाला. म्हणजे तोच सल्ला एका चिपवर बरोबर, दुसऱ्या चिपच्या एका आवृत्तीवर चूक, पुढच्या आवृत्तीवर पुन्हा बरोबर. चिप आणि आवृत्ती न सांगणारा लेख इथे काय कामाचा?

म्हणूनच एराटाला रुक्ष म्हटलेलं मला पटत नाही. चिप डेटाशीटपेक्षा वेगळी कुठे वागते, हे खुद्द बनवणाऱ्यानेच त्यात लिहून दिलेलं असतं. त्याची गरज नवशिक्याला सर्वात जास्त असते. अनुभवी माणूस अडला की चिपवरही संशय घेतो. नवशिका फक्त स्वतःवर घेतो, आणि 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून कायमचा निघून जातो. अशा माणसासाठीच मी ही यादी सांभाळतो.

राहिला प्रश्न कोण ठरवतं याचा. लेख कुणीही सुचवावा, काढायलाही कुणीही सांगावं. पण एखादा लेख किती जणांना आवडला यावरून त्यातला कोड बोर्डावर चालेल का हे कळत नाही. त्यासाठी कुणाला तरी तो चालवून बघावा लागतो. ज्यांच्याकडे तो बोर्ड आहे आणि वेळ आहे, त्यांचं म्हणणं मी प्रमाण मानतो. एम्बेड ओएस या आर्मच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे लेख वेगळ्या भागात हलवलेत, कारण आर्मने जुलै २०२६ ही त्याच्या समाप्तीची मुदत जाहीर केली आहे. तिथे चाचणीचा प्रश्नच नव्हता.

प्रत्येक एराटासोबत सोप्या मराठीत दोन ओळी असाव्यात, ही तुमची सूचना मला फार आवडली. सुरुवात ई९पासून करतो. तुम्ही सुचवलेले टायमरवरचे दोन्ही लेख वाचले, मांडणी छान आहे. ते कोणत्या बोर्डावर आणि चिपच्या कोणत्या आवृत्तीवर चालवलेत, तेवढं कळवा.