आमची लेक निळी पडलीच नाही
‘हृदयाला छिद्र असेल तर बाळ निळं पडतं,’ हे लेखातलं वाक्य खटकलं. आमची लेक कधीच निळी पडली नाही. ऐरोलीत ऐन जानेवारीत दूध ओढताना तिच्या कपाळावर घाम डवरायचा, दोन मिनिटांत दमून सोडून द्यायची, पोट भात्यासारखं हलायचं. सासूबाई म्हणायच्या, टोपरं काढ, उकडतंय तिला! दीड महिन्याच्या लशीला नेली तर वजन जेमतेम वाढलेलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि लगेच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. व्हीएसडी निघाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र.

जन्मानंतर २४ तासांनी हातापायाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर नॉर्मलच होता. साहजिक आहे, या छिद्रातून शुद्ध रक्तच जादा फुप्फुसांकडे वळतं, मग ऑक्सिजन कमी कसा दिसणार? घामाबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.