भाचा, लर्निंग लायसन आन उसाची ट्रॉली

काल संध्याकाळी मोंढ्याच्या कोपऱ्यावर नेहमीसारखं बसलो होतो आन माझा भाचा मोटरसायकल घेऊन आला. 18 पूर्ण झाले की लगेच लर्निंग लायसन काढलंय पोरानं, घरबसल्या मोबाईलवर परीक्षा, 15 प्रश्नांतले 9 बरोबर आले की पास, ह्याचे 13 आले. खुशीत होता. म्हणला मामा, जेवून निघतो लातूरला, मित्र पण येतोय मागं, दहा-साडेदहापर्यंत रूमवर. अंबाजोगाईहून लातूर, रात्रीचं, तेबी ऊस चालू असताना. माझ्या पोटात गोळाच आला.

एसटीतून रिटायर झालेले काका होते, त्यांनी त्याला जवळ बसवलं आन विचारलं, लाल गोलात 50 लिहिलेली पाटी आन लाल त्रिकोणात वळण काढलेली पाटी, फरक सांग. भाच्यानं सांगितलं, गोल म्हणजे हुकूम, मोडला की दंड, त्रिकोण म्हणजे पुढं धोका हाय, सावध. काका म्हणले बरोबर, मग तुझ्या गाडीवर पांढऱ्यावर लाल एल कुठंय? नव्हता. आन लर्निंगवाल्यानं मोटरसायकलवर शिकवणारा सोडून दुसऱ्याला बसवायचं नाही, हे परीक्षेत आलं नाही का? पोरगं गप्प.

तर आमचा ट्रॅक्टरवाला दोस्त, जो ह्या सीझनला कारखान्यावर ऊस ओढायलाय, तो उसळला. म्हणला काका, हे नियम पुण्या-मुंबईचे, हितं रात्री रोडवर सिग्नल बी नाही आन पोलिस बी नाही, हितं गाडी शिकायची ती चालवून. आमच्यातले मास्तर म्हणले अरे तुझ्यासारख्यांमुळंच भीती वाटती, डबल ट्रॉली, मागं एक लाल दिवा धड नाही, ट्रॉलीचा आटा म्हंजे एक्सल तुटला की चाकामागं दगड लावून रोडवरच सोडून जाता, आन ट्रॉली हलली तरी दगड तिथंच. दोस्ताला राग आला. माझ्या ट्रॉलीला रेडियम हाय म्हणला. ट्रॉली रिकामीच शेजारी उभी होती, म्हणून भाच्यानं मोबाईलची बॅटरी मारली. काहीच चमकलं नाही. जवळ जाऊन हात लावला तर वर बोटभर जाड चिखल सुकलेला, नखानं खरवडल्यावर लाल पट्टी निघाली. दोस्त काही बोलला नाही, त्यानं स्वतःच पोत्याचा तुकडा घेतला आन पुसायला लागला. हे मला आवडलं. पण भरलेल्या ट्रॉलीचं काय, मोळ्या मागं एवढ्या लोंबत्यात की पुसलेली पट्टी बी झाकून जाती.

मंग वाद खरा सुरू झाला की धडक बसली तर चूक कुणाची. मास्तरांचं म्हणणं अंधारात बिनदिव्याची ट्रॉली उभी केली तर सरळ सरळ ट्रॉलीवाल्याची. दोस्ताचं म्हणणं मागून येऊन धडकतो तो, त्यानं बघायला नको का. मला ह्या वादात पडवत नाही. आमच्या बारावीच्या बॅचमधला एकजण असाच गेला, डिसेंबरमधी, घर चार किलोमीटरवर होतं. चूक कुणाची हे नंतर कोर्टात ठरलं असंल, त्याच्या आईला त्याचा काय उपयोग.

काका उठले. भाच्याला म्हणले गाडी रस्त्याच्या कडंला लाव, लाईट डिपरला ठेव. लाईट जिथवर नीट पडत होता तिथं मास्तर जाऊन उभे राहिले. काकांनी लांब ढांगा टाकत मोजलं, एक ढांग एक मीटर धरून, 30 भरल्या. मग म्हणले, 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाती, तुला ट्रॉली दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद गेला, म्हंजे 25 मीटर गेले, अजून ब्रेक लागलाच नाही. लागल्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर, तेबी रस्ता कोरडा आन टायर चांगले असले तर. असं करत काका मास्तरांच्या पुढं निघून मेडिकलच्या पायरीपाशी जाऊन थांबले, पार अंधारात. भाचा नुसता बघतच राहिला, कारण गाडी जिथं थांबणार ती जागा त्याच्या लाईटमधी नव्हतीच.

अप्पर मारून चालवतो मग, असं म्हणला तो. काका म्हणले समोरून गाडी आली की डिपर द्यावाच लागतो, तो तुझ्या डोळ्यात अप्पर मारत येतो ते वेगळंच, त्या दोन-तीन सेकंदात तुला काहीच दिसत नाही. तेव्हा त्याच्या लाईटकडं बघायचं नाही, डाव्या कडंची पांढरी पट्टी धरायची आन एक्सलेटर सोडायचा. आन समोर एकच लाईट दिसला की मोटरसायकलच हाय असं समजू नको, एक लाईट गेलेला ट्रॅक्टर असतोय. ट्रकवाल्यानं उजवा इंडिकेटर दिला तर तो वळायलाय का ओव्हरटेक करू नको म्हणायलाय, हे आपल्याकडं ज्याचं त्यानं ठरवलंय, नियमात इंडिकेटर आपण वळतोय नायतर लेन बदलतोय हे सांगायसाठी हाय, म्हणून त्याच्या भरवशावर पुढं घुसायचं नाही, स्वतःला रस्ता मोकळा दिसला तरच.

किती स्पीडनं जाऊ मग? 40, काका म्हणले. 40 ला जेमतेम लाईटच्या आत थांबतो. दोस्त म्हणला 40 नं गेला तर मागचे हॉर्न वाजवून डोकं खात्याल. वाजवू दे की, डाव्या कडंनं चालव, ज्याला घाई हाय तो जाईल.

ह्यावर बराच वेळ चाललं, दोस्ताला 40 काही पटलं नाही. भाचा मात्र गाडी घरी लावून आला. मित्राला फोन करून सांगितलं, सकाळच्या पहिल्या बसनं येतो म्हणून. निघताना मी त्याला एलचा स्टिकर आणायला पैसे दिले, ते त्यानं शर्टाच्या खिशात ठेवले.