कुरोसावांची ‘गुमी’ आणि धरमपेठेतला वाद

गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर नागपूरला आलो असताना धरमपेठेतल्या एका घरगुती चित्रपट-मंडळात जाण्याचा योग आला. महिन्यातून एका रविवारी पंधरा-वीस माणसे एका दिवाणखान्यात जमतात, चित्रपट पाहतात आणि मग चहा-चिवड्याबरोबर त्याची यथास्थित चिरफाड करतात. नव्या वर्षात एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट ओळीने पाहायचे ठरले होते, आणि मी टोकियोत राहतो एवढ्याच भांडवलावर अकिरा कुरोसावा हे नाव नक्की झाले. वाद पेटला तो पत्रिकेवरून. एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘कुरोसावांचे दहा चित्रपट’ असा मथळा लिहून आणला होता. त्यावर लग्नसमारंभांचे आणि जाहिरातींचे छायाचित्रण करून पोट भरणाऱ्या एका तरुणाने हरकत घेतली. “कुरोसावांचे कसे जी, सर? कॅमेरा त्यांनी धरला नाही, पटकथा एकट्याने लिहिली नाही, संगीतही दुसऱ्याचे.” प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “दिंडीत गाणारे शेकडो असतात, पण अभंग तुकोबांचाच असतो.” तरुणाकडे उत्तर तयार होते. “मग ‘पार्टी’ कोणाची? निहलानींची की आपल्या एलकुंचवारांची?”

नागपुरात हा प्रश्न विचारला की सभा जिंकल्यातच जमा असते. महेश एलकुंचवारांच्या नाटकांवरून 1984 या एकाच वर्षी गोविंद निहलानींनी ‘पार्टी’ आणि केतन मेहतांनी ‘होली’ हे चित्रपट केले, आणि चित्रपटांवरच्या चर्चेत लेखकाचे नाव दुसऱ्या ओळीत जाते याची सल या गावाला आहे. मी त्या दिवशी गप्प बसलो. परदेशातून आलेल्या माणसाने ‘आमच्याकडे जपानमध्ये’ अशी सुरुवात केली की समोरच्यांचे चेहरे कसे होतात, हे मला ठाऊक आहे. पण हा वाद मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर अजून चालू असल्याने माझे म्हणणे येथे मांडतो.

जपानी चित्रपटसृष्टीत दिग्दर्शकाच्या चमूला त्याच्या आडनावापुढे ‘गुमी’ लावून ओळखतात. कुरोसावांची ती ‘कुरोसावा-गुमी’. हाच शब्द बांधकाम कंपन्यांच्या नावांतही दिसतो; माझ्या कार्यालयाच्या वाटेवर एका इमारतीचे काम चालू आहे, तिथल्या फलकावर तो मी रोज वाचतो. नाव एकाचे आणि अर्थ अनेकांचा, अशी ही सोय आहे. बालगंधर्वांची कंपनी म्हणताना आपल्या आजोबांच्या मनात असेच काहीसे असावे. तेव्हा प्राध्यापकांचा मथळा चुकीचा नाही. त्या षष्ठी विभक्तीत कोणकोण मावते, एवढाच प्रश्न आहे.

सर्वांत आधी मावतात ते पटकथाकार. शिनोबू हाशिमोतो नोकरी करणारा एक अनोळखी माणूस होता. त्याने अकुतागावांच्या एका कथेवरून लिहिलेली पटकथा कुरोसावांच्या हाती पडली आणि त्यातून 1950 चा ‘राशोमोन’ झाला. याच हाशिमोतोंनी 2006 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, कुरोसावांबरोबरच्या लेखनाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. ‘सेव्हन सामुराई’च्या आधी एका सामुराईच्या आयुष्यातला एक दिवस दाखवणारा चित्रपट ठरला होता. हाशिमोतोंनी ग्रंथालयात महिनोन्‌महिने संशोधन केले; पण त्या काळी सामुराई कामावर जाताना दुपारचा डबा नेत असे का, दिवसातून दोनदा जेवत असे की तीनदा, याचा खात्रीलायक पुरावा मिळेना, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. कुरोसावा संतापले. एका डब्यावाचून एक चित्रपट गेला, आणि त्याच शोधाशोधीच्या ओघात दुसरा, सात सामुराईंचा, हाती आला. ही हकिकत मला कुठल्याही समीक्षेपेक्षा बोलकी वाटते. तपशिलाचा हट्ट कुरोसावांचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण इथे त्या हट्टापायी काम थांबवणारा माणूस दुसराच होता.

त्यांची लिहिण्याची रीतही ऐकण्यासारखी होती. कुरोसावा, हाशिमोतो आणि वयाने ज्येष्ठ असलेले हिदेओ ओगुनी एखाद्या सराईत कित्येक आठवडे मुक्काम करीत. पहिले दोघे एकच प्रसंग स्वतंत्रपणे लिहीत. ओगुनी स्वतः फारसे न लिहिता दोघांचे कागद वाचून कोणते ठेवायचे ते सांगत, आणि कधीकधी दोन्ही नाकारीत. दिग्दर्शकाला ‘हे जमलेले नाही’ असे तोंडावर सांगण्याचा अधिकार त्याने स्वतःच एका सहकाऱ्याला देऊन ठेवला होता. ज्याला वृत्तपत्रे ‘तेन्नो’, म्हणजे सम्राट, म्हणून हिणवीत, त्याच्या कारकिर्दीतली ही व्यवस्था मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे कच्चा खर्डा वगळून सगळ्यांनी थेट अंतिम संहिताच लिहायला बसण्याची पद्धत आली, आणि तिथून पटकथांचा कस उतरला, असे हाशिमोतोंचे स्पष्ट मत आहे.

आकडे त्यांच्या बाजूचे वाटतात. 1943 ते 1965 या काळात कुरोसावांनी तेवीस चित्रपट केले आणि उरलेल्या आयुष्यात फक्त सात. शेवटच्या तीन चित्रपटांच्या पटकथा त्यांनी एकट्याने लिहिल्या. त्यांतली दृश्ये देखणी आहेत, पण पात्रे उपदेश करू लागतात आणि त्यांना थांबवायला ओगुनी समोर बसलेले नाहीत. तरीही सगळा दोष एकटेपणाला देणे अन्यायाचे होईल. दूरचित्रवाणीमुळे जपानी स्टुडिओंचा डोलारा खचला होता. 1975 चा चित्रपट सोव्हिएत पैशावर झाला आणि 1985 च्या ‘रान’साठी फ्रेंच निर्माता शोधावा लागला. संगीतकार फुमिओ हायासाका तर 1955 मध्येच, एका चित्रपटाचे काम अर्धवट असताना, क्षयाने गेले होते. गुमी फुटण्याची कारणे एका माणसाच्या स्वभावात मावत नाहीत.

छायाचित्रकार काझुओ मियागावांबद्दल त्या तरुणाला वेगळे सांगायला नको. ‘राशोमोन’च्या जंगलात त्यांनी आरशांनी ऊन वळवून नटांच्या चेहऱ्यांवर आणले आणि कॅमेरा थेट सूर्याकडे रोखला. करड्या आभाळापुढे पाऊस दिसेना, तेव्हा पाण्यात काळी शाई मिसळली गेली. याच चित्रपटापासून कुरोसावांच्या सेटवर नोंदी ठेवणाऱ्या तेरुयो नोगामी यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ‘तेन्कि-माची’ आहे, म्हणजे हवामानाची वाट पाहणे. सेटवर नोंदवही घेऊन बसणाऱ्या बाईचे पुस्तक दिग्दर्शकाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन ठरते, याचा मला हेवा वाटतो.

समीक्षकांनी मात्र या गुमीकडे बराच काळ पाठ फिरवली. 1965 मध्ये कुरोसावांवर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिणारे डोनाल्ड रिची आयुष्याचा बहुतेक काळ टोकियोत राहिलेले अमेरिकी होते, म्हणजे माझ्यासारखेच परदेशस्थ. त्यांनी प्रत्येक चित्रपटाला एक प्रकरण देऊन सगळी निर्मिती एकाच मनाचा विकास म्हणून वाचली. जपानी समीक्षक त्याच काळात ‘हा पाश्चात्त्यांसाठी चित्रपट काढतो’ असा आरोप करीत होते. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा ‘राशोमोन’ त्याआधी ‘किनेमा जुन्पो’ या जपानी चित्रपट-नियतकालिकाच्या वार्षिक यादीत पाचवा आला होता. एकाने देव केला, दुसऱ्याने परका ठरवला. दोघांनाही माणूस एकटाच दिसला.

प्राध्यापकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. सहकाऱ्यांच्या आठवणी म्हणजे खटल्यातल्या साक्षी. साक्षीदाराचाही स्वार्थ असतो. हाशिमोतोंचे पुस्तक आले तेव्हा कुरोसावा, ओगुनी आणि आणखी एक सहपटकथाकार किकुशिमा हयात नव्हते, त्यामुळे उलटतपासणी घ्यायला कोणी उरले नव्हते. खुद्द कुरोसावांचे आत्मचरित्र 1950 पाशी थांबते; त्यापुढचा मी माझ्या चित्रपटांतल्या पात्रांत शोधा, असे ते सांगतात. ते थांबतात तो प्रसंगही या वादाला लागू पडणारा आहे. ज्या कंपनीप्रमुखाला ‘राशोमोन’ मुळीच कळला नव्हता, तो पारितोषिकानंतर दूरचित्रवाणीवर सगळे श्रेय स्वतः घेत होता, आणि दिग्दर्शकाचा किंवा छायाचित्रकाराचा उल्लेखही करीत नव्हता. श्रेय लाटले जाण्याचे दुःख सम्राटालाही होते, आणि ते सांगताना मियागावांना त्यांनी आपल्या शेजारी उभे केले आहे.

राहता राहिला तुकोबांचा दाखला, आणि इथे प्राध्यापकांची क्षमा मागून बोलतो. ‘आधी बीज एकले’ हा कित्येकांना तुकोबांचाच वाटणारा अभंग 1936 च्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवल्यांनी लिहिला. तो चित्रपट दामले आणि फत्तेलाल या दोघांनी दिग्दर्शित केला, ‘प्रभात’ कंपनी पाच भागीदारांची, पण आज रस्त्यावरच्या माणसाला ‘प्रभात’ म्हटले की एकटे दिग्दर्शक व्ही. शांताराम आठवतात. आठवले, केशवराव भोळे यांनी आठवणी लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला निदान एवढे माहीत आहे. त्यानंतरच्या मराठी चित्रपटांचे संकलक, ध्वनिमुद्रक, नोंदी ठेवणारे सहायक यांचे काय? विदर्भातून पुण्या-मुंबईला गेलेली अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असतील. मंडळाने त्यांना गाठून बोलते केले, तर एलकुंचवारांबद्दलच्या तक्रारीपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल, असे मी गटावर लिहिले. त्यावर दोन अंगठे आले आणि एक कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

पत्रिका मात्र बदलली. मथळा तोच राहिला, पण प्रत्येक चित्रपटाखाली चार-पाच नावे छापायची ठरली आहेत. मी ‘स्ट्रे डॉग’खाली इशिरो होंदांचे नाव घालायला सांगितले. 1949 च्या त्या चित्रपटात उन्हाने पोळलेल्या टोकियोच्या काळ्याबाजाराची खरीखुरी दृश्ये सहायक असलेल्या होंदांनी टिपून आणली होती, आणि युद्धोत्तर जपानचे वातावरण साधले असेल तर ते होंदांमुळे, असे कुरोसावांनीच लिहून ठेवले आहे. प्राध्यापकांनी नाव लगेच मान्य केले आणि तारीखही ठरवून टाकली. हा चित्रपट मे महिन्यात लावायचा, दुपारी तीनला, कूलर बंद ठेवून.